खाली वाकवलेला दिवा

एकोणीसशे साठच्या आसपास मी कळंबला गुरांचा डॉक्टर होतो. हिवाळ्यात खेड्यांवरून परततानाच अंधार पडायचा आणि माझ्या जुन्या मोटरसायकलचा दिवा पेटत्या विडीएवढा उजेड द्यायचा. नवा, मोठा दिवा बसवावा म्हणून स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो डाव्या पायानं लंगडायचा आणि बोलताना माणसाकडे न पाहता गाडीकडे पाहायचा.

"नवा कायले घेता साहेब? याचंच तोंड धुऊन देतो," तो म्हणाला.

त्यानं दिवा खोलला, आतला आरसा कापसाच्या बोळ्यानं हलकेच पुसला, तार जोडायच्या जागेवरचा गंज कानशीनं काढला. उजेड दुप्पट झाला. मग त्यानं दिव्याचं तोंड खाली वाकवलं.

"जरा वर ठेवा, लांबचं दिसेल," मी म्हणालो.

"समोरून कापसाच्या बंड्या येते साहेब. डोयात उजेड गेला का बैल बुजते."

"हे कुणी सांगितलं?"

"सांगते कोन? मीच होतो ना बंडीवर, समोरून ट्रक आला तवा." त्यानं स्क्रू आवळला. "त्या ट्रकचा दिवा लय चांगला होता."

मी गुरांचा डॉक्टर, पण मला हे सुचलं नव्हतं. दिवा खालीच राहिला.

त्याच आठवड्यात एका वळणावर कापसाची बंडी समोर आली. बैलांनी कान हलवले आणि ते चालत राहिले. गाडीवान कापसावर गाढ झोपला होता. मी मोटरसायकल कडेला घेतली आणि बंडी पुढे निघून जाईपर्यंत तिथंच थांबलो.