चाकांचा एसी आणि बाबांची खिडकी

अकोल्याच्या माणसासमोर त्याच्या उन्हाची निंदा करून बघा. तो रागावणार नाही, उलट त्याची छाती फुगेल. पारा राज्यात पहिला आला की अकोलेकर एकमेकांना फोन करून सांगतात, जसं काही पोरगं बोर्डात आलंय. मी लग्न करून अमरावतीला आले, तर इथले लोक दुसरा नंबर आला म्हणून खट्टू! उन्हात मेलं तरी चालेल, पण शेजारच्या जिल्ह्याच्या मागे राहायचं नाही.

तर त्या पहिल्या नंबरच्या गावात माझे बाबा एकटे राहतात. वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षं कोर्टात वकिली केली, मग काळा कोट खुंटीला टांगला, पण वकिली काही टांगली नाही. गल्लीकडच्या खिडकीशी त्यांची आरामखुर्ची असते. येणारा-जाणारा गाडी थांबवतो, खिडकीचा गज धरतो आणि विचारतो, "वकीलसाहेब, भावानं शेताचा धुरा कोरला, बांध सरकवला, काय करू?" बाबा आतून सल्ला देतात, तो बाहेरून मान हलवतो, आणि बदल्यात गावातल्या दोन बातम्या देऊन जातो. आई गेल्यापासून बाबांचं निम्मं आयुष्य त्या चौकटीत आहे. हे मला माहीत होतं, आणि माहीत असून मी जे केलं ते सांगायला बसले आहे.

गेल्या मे महिन्यात बाबांना ऊन लागलं. घरात बसल्या बसल्या लागलं, कूलरसमोर. स्वयंपाकाच्या मावशी दिवसभर घरी असतात म्हणून निभावलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढचा उन्हाळा यांना कूलरवर काढायला लावू नका. खोली थंड पाहिजे. दुसऱ्यांदा झालं तर मी हमी देत नाही."

मग यंदा होळी झाल्या झाल्या आमची घरगुती परिषद बसली. मी अकोल्याला बाबांच्या खोलीत, आणि माझा धाकटा भाऊ पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. भावाला पुण्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली. तिथे गेल्यापासून त्याला सगळं कळतं. तो "मले" सोडून "मला" म्हणतो, मधेच आवाज खाली घेतो, आणि कुठलाही विषय "बेसिकली" पासून सुरू करतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर उंटही पुण्यातच बांधलेला.

"बेसिकली," भाऊ म्हणाला, "दोनच पर्याय आहेत. विंडो एसी किंवा पोर्टेबल." स्प्लिटचं बाहेरचं खोकं ठेवायला आमच्या गल्लीत जागाच नव्हती. विंडो घ्यायचा तर खिडकी हवी, आणि बाबांच्या खोलीला खिडक्या दोन. एक उघडते ती शेजाऱ्याच्या भिंतीवर. मधे हातभर बोळ, मांजरही तिथून आडवं जातं. राहिली ती गल्लीकडची.

"बाबांची खिडकी कशी घ्यायची गं?" भावाचा आवाज अडखळला. नेटवर्कमुळे असेल, पण मला ते खरं वाटलं. आपण किती गुणाची लेकरं, असं मनात आलं.

"पोर्टेबलच घेऊ," तो म्हणाला. "तोडफोड नाही, काही नाही. शिवाय चाकं आहेत. पुढेमागे कुठेही नेता येतो."

"हो ना," मी म्हटलं. "पुढेमागे उपयोगीच पडेल."

बाबा पेपर वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

अमरावतीला परत आल्यावर मी दुकानात गेले. दुकानदार सज्जन निघाला, ही माझी पहिली अडचण. विकायचं सोडून तो समजवायला बसला. "मॅडम, म्हाताऱ्या माणसासाठी घेता ना? मंग विंडोच घ्या. विंडोचं गरम होणारं सारं खिडकीच्या बाहेर राह्यते. हे चाकाचं अख्खं मशीन घराच्या आत बसते, अन् एका नळ्यानं गरम हवा बाहेर फेकते. आपल्या इकडच्या उन्हाले ते पुरत नाई. नळा बाहेर नाई निघाला तं मंग काहीच कामाचं नाई."

मी म्हटलं, "आम्हाला हलवता येणारंच हवंय."

"हलवाचं कायले?"

मी म्हटलं, "असू द्या."

त्यानं सुस्कारा टाकला. "बरं, खिडकी सरकती आहे का? हा नळा सरकत्या खिडकीतच बसते."

"हो," मी म्हटलं. "सरकती आहे." इतक्या ठामपणे मी लग्नाच्या वेळीही हो म्हटलं नव्हतं.

एप्रिलच्या एका रविवारी ते धूड गाडीत घालून मी मूर्तिजापूरवरून अकोल्याला नेलं. खोलीत आणलं, खोकं फोडलं, भावाला फोन लावला, आणि तो नळा हातात घेऊन खिडकीशी गेले. नळा असा जाडजूड, आणि समोर लोखंडी गज. दोन गजांमधून फार तर माझी मूठ जाईल.

"गज आहेत?" पुण्याहून आवाज आला. "आपल्या खिडकीला गज कधी बसवले?"

अरे देवा! चार वर्षांचा असताना याच गजांत याचं डोकं अडकलं होतं. अख्खी गल्ली जमली होती. आईनं वाटीभर तेल ओतून कान सपाट करकरून याला मागे ओढलं होतं. सगळी दुनिया विसरशील रे, पण ज्या गजांनी तुला जन्मभराचे कान दिले ते विसरलास? मी त्याला असं झाप झाप झापलं की मावशी भाकरी टाकायच्या थांबल्या. दुकानदाराला "सरकती आहे" असं मी का सांगितलं, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही. दुसऱ्याला झापताना असले प्रश्न पडत नाहीत.

बोळाकडच्या खिडकीलाही तेच गज, नळा काही बाहेर निघेना. मग आम्ही वऱ्हाडी डोकं लावलं आणि तो दारातून मधल्या खोलीत सोडला. गरम हवा मधल्या खोलीत, थंड हवा बाबांकडे. मशीन सुरू केलं. बाबा सरसावून बसले, मावशी पदर सावरून पुढे आल्या, आणि आम्ही तिघांनी मिळून पहिलं काय केलं असेल? खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली.

यात हसण्यासारखं काही नाही. वऱ्हाडात मूल बोलायच्या आधी शिकतं की कूलर लावला की खिडकी उघडायची. बंद खोलीत कूलर लावला तर अंग चिकचिक होतं, पापडसुद्धा मऊ पडतात. आमच्या तीन पिढ्या वाळ्याच्या ताट्यांना पाणी मारून आणि खिडक्या उघडून जगल्या. हवा खेळली पाहिजे! त्यात मी पदव्युत्तर वर्गांना शिकवणारी बाई, मीच वरून म्हटलं, "मावशी, मागचं दारही उघडा, हवा कोंडते." अर्ध्या तासात खोली चुलीवर ठेवल्यासारखी झाली. भाऊ फोनमधून ओरडत होता, "अगं बंद करा! सगळं बंद करा!" बाबा म्हणाले, "हे पुण्याचं पोट्टं वेडं झालं का? बंद खोलीत माणूस जित्ता राह्यते का?"

शेवटी मी मावशींना बजावलं की मशीन सुरू असताना काही उघडायचं नाही. त्यांनी मान डोलावली, आणि त्या डोलावण्यावर विसंबून मी अमरावतीला परतले. रोज फोन करायचे. "बाबा, गार आहे ना?" ते म्हणायचे, "हाव." मी समाधानानं फोन ठेवायचे. इतकं स्वस्तातलं समाधान दुसरीकडे कुठे मिळणार?

मे अखेरचा नवतपा, वर्षातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागला आणि चौथ्या दिवशी बाबा पडले. खिडकीशीच. कुणीतरी गज धरून काही विचारत होता, त्यानंच आरडाओरड केली. मशीन घरघरत होतं, नळ्यातून मधल्या खोलीत भट्टी पेटलेली. मावशी तिथेच बसून भाजी निवडायच्या, त्या तरी किती सोसणार? त्यांनी दारं-खिडक्या सगळं उघडं टाकलं होतं. त्यांच्यावर चिडायचा मला काडीचा अधिकार नव्हता. तरी मी चिडले, हेही कबूल करते.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा सलाईन सुरू होतं. बाबांचा हात एवढासा झाला होता. बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बस. घाई नाई ना तुले?"

मी रडायला लागले. "बाबा, तुमची खिडकी जाऊ नये म्हणून आम्ही तो घेतला हो."

"हाव का?" ते म्हणाले. आवाज बारीक, पण सूर मला ओळखीचा. साक्षीदाराला खुर्ची देऊन मग सोलायचे, तोच. "दुकानात कोण गेलं होतं? तुहा भाऊ का तू?"

"मी."

"दुकानदारानं इचारलं असन ना, खिडकी कशी आहे म्हणून?"

"हो."

"तू काय सांगितलं?"

सलाईनचे थेंब पडत होते. खोटं बोलायची सोय नव्हती. या माणसासमोर मोठे मोठे बेरड साक्षीदार कबूल झालेले मी लहानपणी ऐकले होते.

"सरकती म्हणून सांगितलं," मी म्हटलं.

"आपल्या घरात सरकती खिडकी कोणती?"

नाहीच. सरकती खिडकी आहे अमरावतीला, आमच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये. दुकानात उभी असताना माझ्या डोळ्यांसमोर तीच खिडकी होती. मी बापासाठी मशीन घेत होते आणि माप माझ्या घराचं देत होते.

"पुढेमागे," बाबा म्हणाले. "तुमी दोघंई म्हटलं ना? मागे तं नेता येत नाई कोणाले. पुढे मंजे कधी, ते मले समजलं त्याच दिवशी. रोज ते मशीन पाहतो मी. चाकं दिसतात त्याचे. म्हटलं, हे आपल्या जाण्याची वाट पाहून राह्यलं."

"मग बोलला का नाही? मी विचारलं की 'हाव' कशाला म्हणायचे?"

"तुले जे आयकाचं होतं ते सांगत होतो."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. म्हणाले, "मले विंडो पायजे. गज काप. पक्का बसव, चहूकडून सिमेंट भर. मी आहो तोवर तो हालला नाई पायजे."

"पण तुमची खिडकी..."

"खिडकी माही आहे ना? मंग मी ठरवीन."

तिसऱ्या दिवशी बाबांना घरी आणलं आणि लगेच मिस्त्री आला. गज कापताना असा आवाज झाला की दात शिवशिवले. ज्या गजाला हात लावून लावून चमक आली होती, तो बाबांनी मागून घेतला आणि खुर्चीखाली ठेवला. एसी बसला, वरची फट प्लायवूडनं बंद झाली. तासाभरात खोली गार पडली. बाबांनी पांघरूण मागितलं, मे महिन्यात, अकोल्यात! मावशी हसल्या आणि मी मोरीत जाऊन पुन्हा रडले. सोप्पं होतं हो सगळं. पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

गल्लीतला एकजण सवयीनं थांबला. बाहेरून त्यानं दोनदा हाक मारली, "वकीलसाहेब!" आत मशीनच्या आवाजात बाबांना ऐकू गेलं नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "आता लोकं समोरच्या दारानं येतीन. आले तं."

निघताना मी चाकांचं मशीन तिथेच ठेवत होते. बाबा म्हणाले, "ते कायले ठेवतं? घेऊन जाय. नेता येते ना?"

अमरावतीला आल्यावर ते दोन दिवस दाराशी पडून होतं. तिसऱ्या दिवशी उकाड्यानं जीव नकोसा झाला, तेव्हा मी ते ढकलत बेडरूममध्ये नेलं. खिडकी सरकवली, नळा लावला. एका दमात बसला, बोटभरही फट राहिली नाही. मशीन सुरू झालं, खोली हळूहळू गार व्हायला लागली, आणि तेवढ्यात बाबांचा फोन.

"गार आहे ना तिकडे?" मी घाईघाईनं विचारलं.

"लय गार आहे. तुह्या इथं बसला का नळा?"

"बसला."

"बरोबर बसला?"

"हो बाबा. बरोबर."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी मशीन बंद केलं आणि कूलरमध्ये पाणी भरायला बादली घेऊन गेले.