पाच ओळींचा फळा

सज्जन माणसं एका जिन्यावर राहायला आली की किस्से आपोआप साठतात. त्यासाठी बदमाश लागत नाही. एक सेक्रेटरी आणि एक फळा पुरतो. ऐंशीच्या दशकात नाहूरच्या आमच्या सोसायटीत दोन्ही होते.

सेक्रेटरी दामले. नियम मोडणाऱ्याचं नाव आणि गुन्हा गेटजवळच्या फळ्यावर लिहायचा, ही त्यांची कल्पना. फळा लहान, ओळी पाच. नवा गुन्हेगार आला की सगळ्यात जुना पुसायचा. एरवी कुणाचंही नाव पुसायचं नाही. मी सरकारी खात्यात क्लार्क, अक्षर बरं, म्हणून लिहिणारा मी.

*

पहिलं नाव लागलं सानेकाकूंचं. 'गॅलरीतून भाजीचे देठ टाकणे.' काकू दोन दिवस खाली उतरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बर्व्यांचं नाव आलं, जिन्यात सायकल लावल्याबद्दल. काकू तडक खाली आल्या, दोनदा वाचलं आणि मला म्हणाल्या, "फळा छान आहे हो. शिस्त लागते लोकांना."

*

एकदा पंधरा दिवस नवं नावच नाही. दामले अस्वस्थ.

"लोक सुधारले," मी म्हणालो.

"लोक सुधारत नसतात. आपलं लक्ष कमी पडतंय."

त्या संध्याकाळी कमिटीने जिन्यात शीळ घालायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्वे सापडले. सात-आठ वर्षं ते शीळ घालतच जिना उतरत होते. आदल्या दिवसापर्यंत तो त्यांचा आनंदी स्वभाव होता.

*

सावंत मालवणकडचे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात लागलेले. एकदा त्यांनी गच्चीवर बांगडे वाळत घातले. नाव लागलं, यथावकाश पुसलंही गेलं. पण तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कुठलाही वास आला की तो सावंतांचा. एकदा गटार तुंबलं, तरी दामले आधी सावंतांच्या दारात. दाराला कुलूप, घरचे सगळे महिनाभर गावी.

"मी गावाक होतंय हो," सावंतांनी परतल्यावर सांगितलं.

"असाल. पण वास इथे होता ना."

त्यांची मुलगी सुनंदा कॉलेजात समाजशास्त्र शिकायची. ती म्हणाली, "काका, एकदा शिक्का बसला की गुन्हा करायची गरजच उरत नाही. हे आम्हाला अभ्यासाला आहे."

"पेपरात लिही," दामले म्हणाले. "मार्क मिळतील."

*

पुढे सुनंदाला बघायला पाहुणे यायचे ठरले. रविवारी सकाळी दहाला. आणि शुक्रवारी फळ्याच्या शेवटच्या ओळीत ताजं नाव: 'सावंत – जिन्यात दुर्गंधी.' वास मेलेल्या उंदराचा निघाला, पण लिहिलेलं पुसायचं नाही.

सावंत माझ्याकडे आले. "माझा काय ता होऊ दे, पाटणकरांनू. पण पोरीचा जमता हा, ता मोडतला. मुलाचो बापूस मास्तर आसा. वाचल्याशिवाय भितर यवचो नाय."

मी दामल्यांकडे गेलो. ते म्हणाले, "नियम मी मोडणार नाही. पाच नवे गुन्हे झाले तर नाव आपोआप जाईल." हे मी फक्त सानेकाकूंना सांगितलं. म्हणजे बिल्डिंगला सांगितलं.

शनिवारी दामले खाली उभे असलेले बघून काकूंनी मेथीचे देठ टाकले. दामल्यांनी डोकं झाडत वर पाहिलं.

"बघता काय? लिहायला सांगा," काकू वरून म्हणाल्या.

बर्वे शीळ घालत चारदा जिना उतरले. तिसऱ्या मजल्यावरचे आपटे सभ्यतेत मुरलेले. भिंतीवर थुंकायचं ठरवून दहा मिनिटं उभे राहिले, पण थुंकी येईना. शेवटी त्यांनी सोसायटीच्या झाडाचं जास्वंदीचं फूल तोडलं आणि पुरावा म्हणून दामल्यांच्याच हातात दिलं. चौथा मी. गेटला टेकून विडी ओढली. स्वतःचं नाव लिहिताना अक्षर जरा जास्तच चांगलं आलं.

रविवारचे पावणेदहा वाजले, तरी गुन्हे चारच. सावंतांचं नाव सरकत सरकत आता सगळ्यात वर, आल्या माणसाला पहिलं दिसेल असं. सावंत इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत उभे होते. खाली मात्र बघत नव्हते.

दामले खाली आले, फळा वाचला आणि वर गेले. परत आले ते हातात ओला लेंगा घेऊन. तो त्यांनी गेटवर नीट पसरला आणि मला म्हणाले, "उभे काय राहिलात? लिहा."

मी सावंतांचं नाव पुसलं आणि खाली लिहिलं, 'दामले – गेटवर लेंगा वाळत घालणे.'

खडू ठेवतो तोच पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी चष्मा लावून पाचही ओळी वाचल्या. लेंग्याकडे पाहिलं. मग गेटवर स्वागताला उभ्या असलेल्या दामल्यांना विचारलं, "हे दामले कोण?"

"आहे एक," दामले म्हणाले. "त्याच्या नादी लागू नका. सावंत दुसऱ्या मजल्यावर. सभ्य माणूस."