नटाची प्रतिक्रिया

पेपरात तू नेमकं काय करतेस, असं कुणी विचारलं की मी "डेस्कवर असते" एवढंच सांगायचे. खरं काम सांगायला लाज वाटायची. लातूरच्या एका मराठी दैनिकात मी प्रतिक्रिया गोळा करायचे. निवडणूक लागली, कांदा पडला, कुठं पूल कोसळला, की आमचे वृत्तसंपादक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो, माझ्याकडे बघून फोनकडे बोट करायचे. मग मी काही नटांना, एका गायकाला आणि टीव्हीवर विनोद करणाऱ्या एका गृहस्थांना फोन लावून पुलाबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारायचे.

हे काम माझ्या वाट्याला आलं ते इंग्रजीमुळे. मी भालकीची, म्हणजे कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातली. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनी. नटांचे फोन नट उचलत नाहीत, त्यांचे मॅनेजर उचलतात, आणि मॅनेजर इंग्रजीत बोलतात. ऑफिसातली बाकीची मंडळी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहायची, पण पलीकडून इंग्रजी आलं की फोन माझ्याकडे सरकवायची. मला चार माणसांत बोलता येत नाही. न दिसणाऱ्या माणसाशी ठरलेली वाक्यं बोलता येतात.

त्या मॅनेजरांचा पहिला प्रश्न विषयाबद्दल कधीच नसायचा. फोटो कोणता लावणार, हा असायचा. दुसरा प्रश्न, पान पहिलं का आतलं. पूल कुठला, त्यात माणसं गेली का, हे मला एकानंही विचारल्याचं आठवत नाही. फोन ठेवल्यावर मला हात धुवावेसे वाटायचे. कॅन्टीनमधला तेलकट चमचा चुकून तोंडात गेल्यासारखं व्हायचं.

एवढी किळस येण्याचं आणखी एक कारण होतं. मराठी वाचायला मी वर्तमानपत्रावर शिकले. शाळेत मराठी हा विषयच नव्हता. उदगीरहून पहिल्या बसनं आलेला पेपर वडील माझ्यापुढे पसरायचे आणि माझ्याकडून मोठ्यानं मथळे वाचून घ्यायचे. अडखळले की बोट तिथंच धरून ठेवायचे. छापलेल्या मजकुरामागे कुणीतरी जबाबदार माणूस बसलेला असतो, असं मी बरीच मोठी होईपर्यंत धरून चालले होते.

एकदा धीर करून मी सरांना विचारलं, "सर, यांनाच का विचारायचं? त्यांना यातलं काय कळतं?"

सर चिडले नाहीत. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "मॅडम, एखाद्या गावात डॉक्टर न्हाई, ही बातमी छापायची तर मला माणूस पाठवावा लागतो. दवाखान्याला विचारावं लागतं. उद्या डॉक्टर हजर निघाला तर खुलासा छापावा लागतो. नट बोलला की बोलला. तो बोलला हीच बातमी. त्यात तपासायचं काय?" मग बशी तोंडाला लावून म्हणाले, "आणि ज्याला तो आवडतो तो वाचतो, ज्याला आवडत न्हाई तो दोनदा वाचतो."

सरांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, हेच मला जास्त लागलं.

आत्याचं गाव औरादच्या पुढे, तेही कर्नाटकातच. तिथल्या सरकारी मराठी शाळेच्या पालक समितीची आत्या अध्यक्ष होती. शाळेतल्या एकमेव मराठी बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. वरच्या वर्गाला शिक्षक मिळाला नाही तर तो वर्ग बंद करून मुलांना आवारातल्याच कन्नड शाळेत बसवणार, असं कळलं होतं. आत्याची नात त्याच वर्गात जाणार होती. पोरगी हुशार, पण सगळं डोकं मराठीतून चालणारं. कन्नड तिला बाजारापुरतं यायचं, गणित आणि विज्ञान त्यात शिकण्यापुरतं नाही. घरापासून लांब तिला धाडायची आत्याची तयारी नव्हती. मुलगा वारल्यापासून तीच पोरीला सांभाळत होती.

या सगळ्यात आत्याला सगळ्यांत जास्त मदत केली ती कन्नड शाळेच्या मास्तरांनी. औरादच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज कन्नडात हवा होता. तो मास्तरांनीच लिहिला, खाली स्वतःची सही केली, आणि आत्याबरोबर औरादला हेलपाटे घातले. बाई गेल्यापासून मराठीच्या पोरांना गणितही तेच शिकवत होते. शेवटी साहेबांनी सोमवारी गावात येतो म्हणून शब्द दिला.

आत्याचा मला फोन आला. "पोरी, तुझ्या पेपरात दोन ओळी टाक. साहेब यायलेत म्हणून. पेपरात आलं की माणूस शब्द फिरवत न्हाई."

मी दोन ओळींच्या जागी सहा ओळी लिहिल्या. रविवारी दुपारी सरांपुढे ठेवल्या. सर म्हणाले, "टाकतो, आतल्या पानावर." आणि लगेच, "ते ऱ्हाऊ दे. मुंबईत कोण तरी पुढारी सीमाभागावर बोललाय. आपल्या नटाची प्रतिक्रिया घे."

आपला नट म्हणजे सगळ्या विषयांवर बोलणारा. मी मॅनेजरला फोन लावला. त्यानं विचारलं की सीमाभाग म्हणजे पाकिस्तानकडचा का. मी सांगितलं, कर्नाटकाकडचा. बीदर, भालकी, औराद. त्यानं नावं पुन्हा विचारली नाहीत. फोटोचं विचारलं. थोड्या वेळानं त्याचा इंग्रजी मेसेज आला: सीमेपलीकडच्या माझ्या माणसांसाठी माझं हृदय धडधडतं, त्यांना कुणी त्रास दिला तर आम्ही गप्प बसणार नाही. मी तेवढंच मराठीत उतरवलं, सरांना दिलं आणि औरादची बस धरली. सोमवार माझ्या सुटीचा होता.

सोमवारी सकाळी शाळेसमोर सतरंज्या घातल्या होत्या. आत्यानं विहारातल्या खुर्च्या आणवल्या होत्या. साहेब आले. मूळचे म्हैसूरकडचे, मराठी न येणारे. आवाज मऊ होता. बरोबर बीदरचा एक कारकून. मास्तर दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करत होते. साहेबांनी मुलांना वाचायला लावलं. आत्याच्या नातीनं पुस्तकातला धडा न अडखळता वाचला. साहेबांना त्यातलं काही कळलं नसणार, पण ते मान हलवत ऐकत राहिले. मग कारकुनाला म्हणाले, शेजारच्या गावची शिक्षिका आठवड्यातून तीन दिवस इकडे देता येईल, लिहून घ्या. मास्तरांनी हे मराठीत सांगितलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याच्या गावात एक रीत आहे. ज्याची बातमी पेपरात येते त्याचा सत्कार करताना शालीवर तो पेपर ठेवून द्यायचा. तोही घडी न मोडता. आधी कुणी उघडून वाचला की तो शिळा झाला, असं मानतात. आत्यानं कंडक्टरला सांगून जास्तीचे पेपर मागवले होते. बस उशिरा आली, गठ्ठा दोरीसकट आला, आणि त्यातला एक आत्यानं तसाच काढून शालीवर ठेवला.

"साहेब, तुमची बातमी आलीय," ती हसत म्हणाली.

मी पाण्याच्या टाकीजवळ उभी होते. साहेबांनी पेपर उघडला आणि पहिलं पान माझ्याकडे झालं. त्यावर नट होता, मूठ आवळलेला, कुठल्या तरी सिनेमातला. वर अर्ध्या पानाचा मथळा: सीमा ओलांडून कन्नडिगांना धडा शिकवू! उरलेला मजकूर आतल्या पानावर गेला होता, माझ्या सहा ओळी काढून त्यांच्या जागी, हे मी नंतर पाहिलं.

साहेबांनी कारकुनाला कन्नडात विचारलं, हे काय आहे. कारकुनानं एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि हळू आवाजात जसंच्या तसं सांगितलं. आत्या अजून हसतच होती, कारण तिनं पान पाहिलंच नव्हतं. साहेबांनी पेपराची पुन्हा घडी घातली, शाल त्याच्यावर ठेवली आणि दोन्ही टेबलावर सोडून उठले. जाताना मास्तरांना एवढंच म्हणाले की हा विषय आता वर विचारूनच घ्यावा लागेल.

जीप गेल्यावर आत्यानं पान उलगडलं.

"हा कोण गं?"

"नट आहे."

"आमच्याकडं कामून यायलाय ह्यो? कुणी बोलवलंय ह्याला?" मग मास्तरांकडे वळून, "अण्णा, तुम्हाला धडा शिकवणार म्हणं."

मास्तर हसले, पण नेहमीसारखं नाही. "शिकवू दे की अक्का. गणिताचा शिकवला तर बरंच हाय, माझं काम हलकं व्हईल."

बायका हसल्या. त्या हसण्यात मी नव्हते.

दुपारी औरादच्या चौकात कन्नड संघटनेच्या पोरांनी तो पेपर जाळला. संध्याकाळी दोन्हीकडच्या बस सीमेवर थांबल्या आणि मला आत्याकडेच राहावं लागलं. सकाळी मास्तर आले, ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"अक्का, अर्जावर माझी सही हाय. वरून विचारायलेत, तुम्ही कुणाच्या बाजूनं. मी सही मागं घेतो. पोरांना शिकवतो मी, ते सोडत न्हाई. कागदावर तेवढं नको."

"घ्या अण्णा," आत्या म्हणाली. "तुम्हाला पण लेकरं हायती."

मी ऑफिसात परतले तेव्हा सर खूश होते. त्या दिवशीचं पान हजारो लोकांनी एकमेकांना पाठवलं होतं, असं ते सांगत होते. मी म्हणाले, "सर, तो ओलांडू म्हणाला नव्हता. कन्नडिगांना असंही म्हणाला नव्हता." सर म्हणाले, "मॅनेजरला मथळा वाचून दाखवला होता मी. तो म्हणाला, पहिल्या पानावर असेल तर काही हरकत नाही." तेवढ्यात मॅनेजरचा मला मेसेज आला. हात जोडल्याची चित्रं आणि एक नवीन फोटो. पुढच्या वेळी हा वापरा.

शाळेचं मी सांगितलं. सरांना वाईट वाटलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, आणि त्यानं कशातच फरक पडला नाही. "पण वर्ग अजून बंद कुठं झालाय?" ते म्हणाले. "झाला की सांग. मोठी घेऊ."

शाळा उघडल्या तेव्हा वर्ग बंद झाला होता. मी सांगितलं नाही, पण सरांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी शब्द पाळला. पहिलं पान, सीमाभागात मराठी वर्गाला टाळं. ते मला म्हणाले, "नटाची प्रतिक्रिया घे. विषय त्याचाच आहे."

मी फोन लावला. मॅनेजर घाईत होता. नट शूटिंगला आहे म्हणाला. मग अगदी आपुलकीनं म्हणाला की तुम्हीच लिहा ना काहीतरी, तुम्हाला त्यांची स्टाइल माहीत आहे.

मी लिहिलं: "या शाळेविषयी त्यांना काहीही माहिती नाही, असं त्यांच्या मॅनेजरच्या बोलण्यावरून दिसलं." एवढं एकच वाक्य सरांकडे पाठवलं. सरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुसलं आणि स्वतः टाइप करायला घेतलं. त्यांना वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी नव्या फोटोखाली नट म्हणत होता की त्या चिमुकल्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला झोपू देत नाही.

त्याच दिवशी आत्याचा फोन आला. पेपर तिच्या हातातच होता, पानांचा आवाज येत होता.

"कामून गं पोरी, ह्याला आमच्या शाळेचं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, आत्या."

"मग रडणारी लेकरं ह्यानं कवा बघितली? आमची तर रडली बी न्हाईत. आवारातल्या आवारात बसायलेत, मास्तराकडं."

"त्यानं बघितलं नाही. तो बोललाही नाही."

"मग हे कोण बोलायलंय?"

"आमचे सर."

"मग त्यांचाच फोटो टाकायचा न्हाई का! बिचाऱ्यांनी एवढं मन लावून लिवलंय."

मला हसू आलं नाही, तिलाही आलं नव्हतं. मी नातीचं विचारलं. ती घरीच बसली होती. कन्नडच्या वर्गात चार दिवस गेली, फळ्यावरचं नुसतं उतरवून आणलं, एक अक्षर कळलं नाही आणि पाचव्या दिवशी उठलीच नाही. मास्तर घरी येऊन समजावून गेले होते.

"तुमच्या भालकीला मराठी वर्ग हाय ना गं अजून?" आत्यानं विचारलं.

"आहे."

"मग रविवारी घेऊन यायलेय तिला." तिचा आवाज जरा खाली गेला. "तिला केसाला तेल लावल्याबिगर झोप येत न्हाई, एवढं तुझ्या आईला सांग. आणि म्हणावं, कपाटातला एक कप्पा रिकामा कर."