भाकर गरम कशी येते

माझं नाव पुंजाराम. केदारखेड्यात माझ्याइतका हुशार माणूस न्हाई, असं माझं मत होतं. त्याला पुरावाबी होता. आमचं शेत घरापासून तीन किलोमीटर. बाकीच्यांची भाकर बांधावर येईस्तोवर गार व्हायची, माझी मात्र गरम यायची. दोन वर्षं म्या ती गरम भाकर खाल्ली आन् शेजारच्या तातेरावाला ऐकवलं, "घरात धाक लागतो, तातेराव." ती गरम कशी काय येते, हे इचारायचं मला कधी सुचलंच न्हाई.

भाकर आणायची माझी भाची शिवकन्या. तिचा बाप वारला तव्हापासून माझी बहीण उषाबाई आन् ही पोरगी माझ्याच घरी. पोरगी शाळेत असताना चालायच्या शर्यतीत पहिली आल्ती. चालायचीबी शर्यत असते, हे मला कुठं ठाऊक? तिच्या खेळाच्या संध्या मॅडम घरी आल्या आन् समजावून सांगितलं: पळायचं न्हाई, एक पाय कायम जमिनीला पाहिजे, पुढचा गुडघा ताठ पाहिजे. मंग कंबर हलतेच. म्या त्यांना चहा पाजला आन् म्हणलं, "मॅडम, आमच्या पोरी वर्षाच्या झाल्या की चालतेत. त्याला शिकवणी कशाला?" आन् स्वतःच हसलो. मॅडम हसल्या न्हाईत.

खरं सांगतो, मला लाज वाटायची. पोरगी रोडनं अशी चालली की पारावरचे लोक दात काढायचे, आन् माझं नाक एवढंसं व्हायचं. म्या सराव बंद केला.  दुसऱ्याच दिवशी ती म्हणली, "मामा, तुमची भाकर मीच आणत जाईन." पोरगी वळणावर आली म्हणून मी खूश.

मंग एक दिवस पेपरात तिचा फोटो. राज्यात दुसरी. कॉलेजच्या सहलीला जाते म्हणून सांगून गेल्ती ती ह्या शर्यतीला. खाली लिहिलेलं की पंचवीस तारखेला चंदीगडला निवड हे, तिथं पास झाली तर आशियाई स्पर्धेला जपान. अख्ख्या घराला ठाऊक होतं, हुशार माणूस तेवढा राह्यला होता. माझं डोस्कंच फिरलं. म्या अंकुशनगरचं एक स्थळ बोलावलं आन् पसंती झाली तर पंचवीसलाच सुपारी फोडायची असं ठरवून टाकलं. तारीख म्या मुद्दाम काढली होती, ते कबूल करतो.

पाव्हणे आले, पोहे झाले. पोराची आत्या म्हणली, "पोरी, जरा चालून दाखव." पायात खोट हे का बघायची ही आमच्याकडची जुनी रीत. म्याबी मिशीवर हात फिरवून म्हणलं, "दाखव, दाखव."

शिवकन्येनं पदर खोचला. "कितीक चालू?"

"थांब म्हणेस्तोवर चाल की," आत्या म्हणली.

पोरगी निघाली. टाच टेकली, गुडघा ताठ, कोपरं कमरेला. बैठक संपली, ओसरी संपली, अंगण संपलं, पोरगी रोडला लागली. आत्याचं तोंड उघडं ते उघडंच, थांब म्हणायचं कुणालाच सुधरलं न्हाई.

म्या मोटारसायकल काढली. गाव संपल्यावर गाठली तिला. अंगावर ठेवणीतली साडी, पाय अनवाणी.

"घरी चल म्हणतो न्हाई का."

"कुणी थांब म्हणलं का, मामा?"

"मी म्हणून राह्यलो ना."

"तुम्ही तर लहानपणापासून म्हणताव," ती माझ्याकडं न बघता म्हणली. "पंचवीसला चंदीगडलाबी चालूनच दाखवायचंय. ते न्हाई म्हणले तर तुम्ही म्हणताल तिथं लगीन करते. पण पहिलं त्यांना बघू द्या."

म्या शिवी द्यायला तोंड उघडलं आन् नजर गाडीच्या स्पीडच्या काट्यावर गेली. बाराच्या पुढं होता. माझी गाडी बाराच्या पुढं पळून राह्यली होती आन् पोरगी बराबरीनं चालत होती.

"हे कुठं शिकली? सराव तर म्या बंद केल्ता."

"तुमची भाकर आणताना."

तेवढ्यात गाडीतलं पेट्रोल संपलं. आधी भरायचं ते मला सुचलं न्हाई, हुशार ना मी. पोरगी थांबली, मागं आली आन् एका बाजूनं गाडी ढकलायला लागली. मला रडू आलं. गाडी जड हे म्हणून सांगितलं.

घरी येऊन पाव्हण्यांना हात जोडले. "पोरगी पसंत हे का न्हाई, ते आता चंदीगडवाले सांगतील." पाव्हणे उठून गेले. पारावर आठ दिवस माझाच विषय होता.

चंदीगडला मी संगं गेल्तो. तिसरी आली, निवड झाली. जपानची शर्यत तातेरावाला घरी बोलावून फोनवर बघितली. वीस किलोमीटर. अर्ध्यातच तिला चालण्यात चूक म्हणून दोन लाल कार्डं पडली. तिसरं पडलं की दोन मिनिटं बाजूला उभं करतेत. मी फोनला हात जोडून बसलो. तिसरं पडलं न्हाई. पोरगी अकरावी आली.

दुपारी बांधावर फडकं सोडलं. आता भाकर सकाळीच मीच बांधून नेतो. तातेराव म्हणला, "अकरावी. म्हणजे मेडल न्हाई."

"न्हाई."

म्या भाकर मोडली, ती कटकन वाजली. तातेराव गालात हसला. "पुंजाराम, घरातला धाक गेला वाटतं."

"धाक न्हवताच, तातेराव," म्या म्हणलं. "ते पोरीचे पाय होते."

मंग अर्धी भाकर त्याला दिली. गारच होती.