सोळा फोटोंची चौकट

वडिलांच्या घडीच्या कॅमेऱ्यात एका रोलवर आठच फोटो निघायचे. त्याच्या चामडी पिशवीत पत्र्याची एक चौकट होती. ती आत बसवली की त्याच रोलवर सोळा निघतात, एवढंच मला ठाऊक होतं. मला सोळाच हवे होते. दादाचा मित्र सोमवारी भिवंडीला कायमचा चालला होता आणि माझ्याजवळ त्याचा एकही फोटो नव्हता.

तो मागावर चादरी विणायचा, घरी तेलुगू बोलायचा. आमच्याकडे नुसता संशय आला असता तरी आईनं माझं कॉलेज बंद केलं असतं. दादाला हाक मारताना तो आधी माझ्या खिडकीकडे बघायचा. तेवढ्यावर मी दोन वर्षं काढली. वेडीच होते की!

रविवारी आम्ही सगळे सिद्धेश्वर तळ्यावर गेलो. त्याचा एकट्याचा फोटो काढायची काय बिशाद! मग मी सगळ्यांना ओळीत उभं केलं. घरच्या मुली मधे, परका पोरगा कडेला, दादाच्या पलीकडे. रीतच होती तशी. त्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी येतोय ना फोटोत?" त्यानं विचारलं.

वरच्या बघायच्या काचेतून तो मला पुरता दिसत होता. "येताय की! हलू नका फक्त."

एवढं बोलताना माझे कान तापले. मी त्याच ओळीचे फोटो काढत राहिले, रोल संपेपर्यंत. बहिणी वैतागल्या, मी त्यांनाच दटावलं.

फोटो गुरुवारी मिळाले, तोवर तो गेलेला. नवी पेठेतल्या फोटोवाल्याच्या दुकानात उभ्या उभ्याच मी सोळाही फोटो चाळले. दुसऱ्या कडेच्या चुलतभावाचा अर्धा चेहरा गेला होता, त्याचं मला काही वाटलं नाही. पण हा? हा एकाही फोटोत नव्हता.

"ताई, चौकट घातली, पण वरच्या काचेवरची पट्टी फिरवली न्हाय की तुमी," फोटोवाला म्हणाला. "काच सगळं दाखवतीया, फिल्मवर मधलंच उतरतंय. लेन्स तीच हाय, पण फिल्म निम्मी केली की कडंचं बाहेर राहतंय. मधली माणसं बघा, लई जवळ आल्यागत दिसत्यात."

जवळ! मला त्या बहिणींना जवळ आणून काय करायचं होतं? आठांवर भागवलं असतं तर आठही फोटोंत तो असता. घरी येऊन मी न्हाणीत नळ सोडून रडले.

लग्नानंतर एकदा अल्बम बघताना नवऱ्यानं विचारलं, "दादांच्या खांद्यावर ही बोटं कुणाची?"

"असेल कुणी मित्र," मी म्हणाले.

आता त्याचा चेहरा नीट आठवत नाही. फार राग येतो मला स्वतःचा. बोटं तेवढी पाठ आहेत, करंगळीला सुताचा धागा गुंडाळलेली. त्यानं मला एकच गोष्ट विचारली होती, आणि मी हो म्हणाले होते.