नर्सबाईनं विचारलं तेव्हा

शिराळ्याकडच्या एका गावाबाहेर, ओढ्यापलीकडच्या माळावर आम्हा पारध्यांची सहा पालं होती. गावात कोंबडी गेली तरी पोलीस आधी आमच्याकडे यायचे. माझ्या चुलत्याला त्यांनी एका सुगीत तीनदा नेलं. तिसऱ्यांदा परतला तो पालाच्या कापडाकडे तोंड करून पडूनच राहिला. चार दिवसांनी त्यानं जीव दिला. गाव म्हणालं, पारध्यांचं रक्तच तसलं. आमची माणसं म्हणाली, देव कोपला. मी दहा-अकरा वर्षांची. मला दोन्ही खरं वाटायचं.

पुढच्या वर्षी वडिलांना नेलं. आठवड्यानं सोडलं. आल्या आल्या त्यांनी तित्तिर धरायचे आपले फासे शेजारच्या पालात देऊन टाकले. आई ते बघून थिजली. चुलत्यानंही शेवटी असंच केलं होतं.

मारानं पायाला झालेल्या जखमेचं निमित्त करून ती त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मीही बरोबर होते. तिथली नर्सबाई बौद्धवाड्यातली. पट्टी बांधता बांधता तिनं सरळ विचारलं, "दादा, जीव द्यावा असं वाटतंय का?"

आई घाबरली. "आवं बाई, असलं बोलू नगा. त्येंच्या मनात भरंल."

"इचारल्यानं भरत न्हाई. असंल तर भाईर तरी येईल."

 वडील पट्टीकडे बघत म्हणाले, "व्हय. रोज वाटतंय. पोरांच्या म्होरं मारत नेलं मला." आणि ते हुंदके देऊन रडू लागले. तोवर त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

नर्सबाईनं त्यांचा हात धरून ठेवला. "ह्यात तुमची लाज न्हाई, मारणाऱ्याची हाय. आमची वस्ती बी गावाभाईरच. मला ठावं हाय."

त्या दिवसापासून पालावरच्या बायकांनी पाळ्या लावल्या. कुणी ना कुणी वडिलांजवळ असायचंच. नर्सबाई दर बाजाराच्या दिवशी पालावर यायची, चहा प्यायची, बोलत बसायची. पुढं पोलीस वडिलांना पुन्हा घेऊन गेले तेव्हा ती सरपंचाला घेऊन चौकीपर्यंत गेली, आणि दिवस मावळायच्या आत वडील माघारी आले. त्या सालात एका बागायतदारानं त्यांना उसाच्या राखणीला ठेवलं.

चुलत्याचं नाव आमच्या पालात कुणी काढत नव्हतं. दिवाळीत वडिलांनीच काढलं. चुलता तोंडानं कसा आवाज काढायचा की झुडपातून तित्तिर ओ द्यायचा, ते सांगू लागले. मग स्वतः काढून बघितला. तो इतका बेसूर निघाला की आईला हसू आवरेना, आणि पाठोपाठ तेही हसले.