हारामागचा नंबर

झेंडूचा वास आला की मला बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याचं फाटक आठवतं. ट्रकचा नंबर वाचून फाटक आपोआप उघडणारा कॅमेरा मी तिथे नुकताच बसवला होता आणि आयुधपूजेच्या दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याला, मालक तो बघायला उभे राहिले. पहिलाच ट्रक आला तो केळीचे खुंट बांधून, नंबराच्या पाटीवर हळदकुंकवाचा थर आणि वर झेंडूचा जाडजूड हार! कॅमेरा ढिम्म. मागे रांग लागली, हॉर्न वाजू लागले. "काढा तो कॅमेरा, आपली नंबर लिहायची वहीच बरी," मालक वैतागले. मी हार सरकवायला वाकले, तर ड्रायव्हर ओरडला, "बेडा अक्का, नको! पूजेचा आहे." हात मागे घेताना त्याच्या दाराकडे लक्ष गेलं, तिथे तोच नंबर पिवळ्या रंगात ठसठशीत रंगवलेला होता. मी तडक शिडीवर चढले आणि ट्रकमधला माल टिपणारा दुसरा कॅमेरा दाराकडे वळवून फाटकाच्या यंत्रणेला जोडला. त्याने दारावरचा नंबर वाचला आणि फाटक सरसर उघडलं. रांगेतल्या ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. मालक नुसतं "सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले. आज माझे कॅमेरे कितीतरी फाटकांवर आहेत, आणि दसऱ्याला एकाही ट्रकला हार उतरवावा लागत नाही.